होल्याचा चोक आणि मातीचं पाखरू

बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, नेमबाजीच्या रेंजवरच्या शेडमध्ये बंदूक पुसत होते. नळी उजेडाकडे धरून आत पाहत होते, कुठे दारूची काजळी राहिली आहे का ते. बाबा दुपारी कधी फोन करत नाहीत. त्यांनी आधी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं. मग म्हणाले, "यासीनचाचा गेले गं." जुम्म्याची नमाज पढून ते घरी आले, ओट्यावरच्या खुर्चीत टेकले, चाचींकडे पाणी मागितलं. चाची तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. बाबा म्हणाले, "ऐकलंस ना?" मी पुन्हा हो म्हटलं. फोन ठेवला आणि राहिलेली नळी पुसून पूर्ण केली. अर्धवट पुसलेली बंदूक ठेवून उठायचं नाही, हे मला चाचांनीच सांगितलं होतं. मिळेल त्या गाडीने निघाले, पण हिंगोलीला उतरले तोवर पुसेगावात दफन होऊन गेलं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की हात जड होईल. पण चाचा आठवले की आधी त्यांचा आवाज आठवतो, आणि त्या आवाजात ते कुणाची तरी टर उडवत असतात, बहुतेक वेळा माझी. शिवाय त्यांचं शेवटचं वर्ष हे जिंकलेलं वर्ष होतं. ते स्वतः तसंच म्हणायचे. त्यामुळे हा मजकूर जरा हसऱ्या तोंडाने वाचला तर त्यांना आवडेल.

यासीनचाचा सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचे. हळद, सोयाबीन, बांधाकडेच्या पट्ट्यात ज्वारी. माझे बाबा कृषी खात्यात. नोकरीच्या सुरुवातीला बाबा पुसेगावला गेले, तेव्हा चाचांनी त्यांना भर वावरात थांबवून फवारणीच्या औषधाची बाटली पुढे केली होती. "साहेब, माझ्या हळदीला पाजायच्या आधी तुमी एकदा वास घेऊन दाखवा." बाबांनी घेतला, आणि बराच वेळ शिंकत राहिले. तिथून जी दोस्ती झाली ती पक्की झाली. बाबा आमच्या गाडीतून उतरताना "जयभीम चाचा" म्हणायचे, चाचा दोन्ही हात वर करून "जयभीम साहेब, या या" म्हणायचे, आणि आतून चाची कोणाला तरी चहाचं सांगायच्या. रविवार असा सुरू व्हायचा.

मी हिंगोलीत इंग्रजी शाळेत शिकत होते आणि कुठल्याच भाषेत फारसं बोलत नव्हते. पाहुण्यांसमोर मान हलवायची, एवढंच. चाचांनी एकदा बाबांना विचारलं, "साहेब, तुमचं लेकरू बोलत काहून न्हाई? इंग्रजी शाळेत तोंड जमा करून घेतेत काय?" बाबा ओशाळले. मी खाली पाहिलं. चाचांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या. हिचे डोळे चालू हायेत. शिकारीला बोलकं माणूस कामाचं न्हाई, पाखरं उडवून लावतं." त्यानंतर त्यांनी मला कधी बोलायला लावलं नाही. ते सांगत, मी ऐकत असे.

सांगायचं म्हणजे बंदुकीचं आणि होल्यांचं, कबुतराच्या जातीतल्या त्या रानपाखरांचं. त्यांच्या वडिलांपासून आलेली दुनळी बारा बोर घरात होती, पीकसंरक्षणाच्या लायसनवर. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करावी लागायची, आणि परत मिळेपर्यंत चाचा लेक सासरी गेल्यासारखे घरात फिरायचे. त्या बंदुकीला मी कधी हात लावला नाही. एकदा बोट पुढे गेलं होतं, तर म्हणाले, "लायसन माझ्या नावाचं हाय, पोरी. बघायला डोळे लागतेत, त्याला लायसन लागत न्हाई." होल्यांची शिकार त्यांनी जवानीत केली, तेव्हा परवानगी मिळायची. पुढे कायदा झाला आणि त्यांनी त्या दिवसापासून एक पाखरू मारलं नाही. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये होल्यांनी घरटी केली होती. त्यांच्याकडे बघत चाचा म्हणायचे, "बघ कसे छाती काढून बसलेत. ह्यांना कायदा ठाऊक हाय. मुद्दाम माझ्या डोक्यावर येऊन राहिले."

बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी आतून थोडा अरुंदपणा ठेवलेला असतो, त्याला चोक म्हणतात. काडतुसातले छर्रे बाहेर पडून किती पसरायचे ते तो ठरवतो. हे मला पुस्तकातून कळलं असतं तर मी विसरून गेले असते. चाचांनी हळदीतल्या फवारणीच्या पंपाचं नोजल हातात दिलं. ते पिळलं की पाण्याची सरळ धार लांब जायची, सैल केलं की छत्रीसारखा फवारा जवळच पडायचा. "घट्ट चोक म्हणजे ही धार. सैल चोक म्हणजे ही छत्री. होल्याला काय लागतं? छत्री." का, ते मी डोळ्यांनी विचारलं. चाचांना डोळ्यांची भाषा यायची. "होला संध्याकाळी ओढ्यावर पाण्याला येतो. तू बाभळीआड बसलेली. तो तुझ्याकडं येऊन राहिला. येताना भोळा दिसतो, अन् बंदूक उचलली की असा वाकडा होतो... तिथं धार काय कामाची? अन् लागलीच जवळून, तर खायला नुसती पिसं." छर्ऱ्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. नंबर मोठा तसा दाणा बारीक. सशाला चार, तितराला सहा, होल्याला आठ, मोहरीएवढा. "सैल चोक, आठ नंबर, अन् सबुरी. जवळ येऊ दे. लांबच्या होल्यावर चाप ओढतो तो शिकारी न्हाई, कसाई पण न्हाई. जखमी पाखरू ओढ्यापल्याड जाऊन तडफडतं. त्याला कोण जबाब देणार?"

पुण्यात कॉलेजला गेल्यावर मी नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं. खरं कारण असं की तिथे कानावर आवाज अडवणारे मफ लावून उभं राहायचं असतं आणि कोणी गप्पा मारत नाही. पहिले काही महिने रायफल झाली. मग आमच्या कोच मॅडमनी मला ट्रॅपला घेतलं. ट्रॅपमध्ये जमिनीतल्या खड्ड्यातून यंत्र मातीची नारिंगी बशी फेकतं, ती उडत दूर जाते आणि ती हवेत फोडायची असते. एका बशीला दोन बार. पहिल्या दिवशी मॅडमनी एक डबी उघडली. तिच्यात बोटभर लांबीच्या पोलादी नळ्या होत्या, बंदुकीच्या तोंडात फिरवून बसवायच्या. मी त्या उजेडाला धरल्या आणि म्हणाले, "हा सैल. हा मधला. हा घट्ट." मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी माझा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला होता.

संध्याकाळी मी चाचांना फोन केला. आपणहून केलेला तो माझा पहिला फोन.

"काय फोडतेत म्हणलीस?"

"बशी. मातीची. तिला क्ले म्हणतात."

"मातीचं पाखरू?" त्यांनी फोन बाजूला करून चाचींना ओरडून सांगितलं, "सुनती क्या, साहेबाची पोरगी मातीची पाखरं मारून राहिली!" मग परत माझ्याशी, "अन् मारून काय करतेत? कालवण?"

"काही नाही चाचा. गुण मिळतात."

"हाऽ... आमाला तर कालवण मिळायचं. बरं ऐक. सैल चोक, आठ नंबर. जवळ येऊ दे. इसरू नको."

मी विसरले नाही. मॅडम म्हणाल्या, ट्रॅपला घट्ट चोक आणि साडेसात नंबरचा छर्रा. मी मान हलवली आणि सैल चोक बसवला, आठ नंबरची काडतुसं मागून घेतली. मॅडमनी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. हट्टी माणसाला आपटू द्यावं, या मताच्या त्या आहेत. त्या वर्षीच्या राज्य स्पर्धेत मी आपटले. ट्रॅपचा नियम असा की बशीचा निदान एक तुकडा उडालेला पंचाला दिसला पाहिजे. नुसती धूळ उडाली तर बशी सुटली असं धरतात. माझ्या बशांची धूळ उडायची. नारिंगी, बारीक, सुंदर धूळ... आणि बशी तशीच पुढे, अखंड, गवतात जाऊन पडायची. एखादा मोहरीएवढा छर्रा तिला चाटून गेलेला असायचा. पंच 'लॉस्ट' म्हणायचे. मी बंदूक बिजागरीत मोडून, म्हणजे उघडून, रिकामं काडतूस काढायचे आणि पुढच्या जागेवर जायचे.

चाचांनी विचारलं, "कशी झाली?" मी म्हटलं, "बरी झाली." "किती पाखरं?" "बरी पडली." त्यांना तेवढं पुरलं.

चोक चुकीचा आहे हे मला त्या दिवशीच कळलं होतं. चाचांना ते सांगायचं कसं, हे वर्षभर कळलं नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाला चुकलात म्हणत नाहीत, आणि मी तर बरोबर आहात हेसुद्धा कुणाला मोठ्याने म्हटलेलं नव्हतं. गुपचूप चोक बदलता आला असता. पण मग रविवारच्या फोनवर त्यांनी विचारलं असतं आणि मी खोटं बोलले असते. ज्या माणसाने मला आयुष्यात एकदाही "बोल" म्हणून डिवचलं नाही, त्याच्याशी खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी सैल चोकवरच सराव करत राहिले. बशी लांब जायच्या आत फोडता यावी म्हणून घाई करायला शिकले. सबुरी तर कधीच गेली होती.

कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं. मॅडमनी मला बसवून स्वच्छ सांगितलं. क्लबची बंदूक आणि काडतुसं कॉलेजनंतर त्यालाच मिळतात जो राष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरतो. या राज्य स्पर्धेत पात्रतेचे गुण झाले नाहीत, तर माझं नेमबाजीचं तिथेच संपलं. माझ्या नावावर ना बंदूक, ना लायसन. "धूळ उडवणाऱ्या मुली मी खूप पाहिल्यात," त्या म्हणाल्या. "तुझे डोळे त्या सगळ्यांपेक्षा चांगले आहेत, म्हणून राग येतो."

दिवाळीच्या सुट्टीत मी पिशवीत चार बशा घालून पुसेगावला गेले. हळद कमरेएवढी उभी होती. चाचा ओट्यावर खुर्चीत होते, त्या वर्षी जरा वाळले होते, दम लागायचा. मी बशा त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलली, वाजवून पाहिली, नाकाला लावली. "डांबर हाय ह्यात." मग मी बोलले. वाक्य मी हिंगोलीपासून घोकत आले होते, तरी ते उलटसुलट बाहेर पडलं.

"चाचा, तुमचा चोक चुकतोय. म्हणजे... ह्या पाखराला. मी वर्षभर धूळ उडवतेय."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. चाचांनी बशी खाली ठेवली, उठले आणि आत गेले. दार आपटलं नाही, पण आपटल्यासारखं वाटलं. चाची माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "बेटा, बंदुकीतलं ह्यांना चुकलं म्हणून कुणीच न्हाई म्हणलं आजवर. मी म्हणलं ते सैपाकातलं." आम्ही निरोप न घेताच निघालो. गाडी सेनगाव फाट्याशी आली. बाबा म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस." पण त्यांच्या आवाजात धीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांचा फोन बाबांना. "साहेब, पोरीला घेऊन या. येताना चुना आना."

आम्ही पोचलो तेव्हा हळद शिजवायच्या कढईचं जुनं पत्र्याचं झाकण त्यांनी पडीक तुकड्यात, मातीच्या उंच ढिगाऱ्याला टेकवून ठेवलं होतं. पोलीस पाटलाला सांगून आले होते. गड्यांना पलीकडच्या वावरात पाठवलं होतं. त्यांनी मला झाकण चुन्याने पांढरं करायला लावलं आणि स्वतः बंदूक घेऊन उभे राहिले. दुनळीची उजवी नळी सैल होती, डावी घट्ट. ओढ्यावर होला येतो तेवढ्या अंतरावरून त्यांनी उजवा बार टाकला. पांढऱ्या पत्र्यावर छर्ऱ्यांची भोकं अगदी सारखी पसरली होती, चाळणीसारखी. "बघ," चाचा म्हणाले. "ह्याच्यातून होला जाईल का?"

"नाही. चाचा, आता मागं या."

ते मागे आले.

"अजून."

"हे घे."

"अजून, चाचा. बशी फुटते तेव्हा इतकी लांब असते."

"सेनगावला नेतीस काय मला?" पण ते येत राहिले, मी हात दाखवला तिथे थांबले, आणि दम खाऊन बंदूक उचलली. मी झाकणाला चुन्याचा नवा हात दिला होता. उजवा बार झाला. आम्ही तिघे चालत गेलो. भोकं होती, पण रुसल्यासारखी एकमेकींपासून लांब. मी पिशवीतली बशी काढली आणि पत्र्यावर आडवी धरली, कारण उडताना ती आपल्याला तशीच दिसते, कडेच्या बाजूने. मग ती भोकांच्या मधल्या मोकळ्या जागेत सरकवली. एका जागी बसली. दुसऱ्या जागी बसली. तिसऱ्या जागी एक भोक तिच्या कडेला जेमतेम चाटत होतं. "ही धूळ," मी म्हटलं.

चाचांनी बशी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बसवून पाहू लागले. तव्यावर भाकरी फिरवावी तशी ती पत्र्यावर फिरत होती. बराच वेळ ते तेच करत राहिले. मग परत चालत मागे गेले, चुन्याची वाट न पाहता डावा बार टाकला. घट्ट नळीची भोकं मधोमध दाट उमटली. तिथे बशीला जागाच नव्हती.

आणि मग ते हसायला लागले. खोकत, डोळे पुसत, बंदूक मोडून खांद्यावर टाकून. "अरे देवा! मी ह्याला होला समजून राहिलो! होला माझ्याकडं येतो... अन् हे हरामखोर पहिल्या घडीपासून पाठ दाखवून पळून राहिलं! मी तुला म्हणतो, जवळ येऊ दे. कुठून येणार ते? पुण्याहून?" बाबाही हसू लागले. मी हसले की नाही ते आठवत नाही.

"हे तू वर्षभर पोटात घेऊन बसलीस?"

"हो."

"काहून?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट तर वाटलंच की. काल रातच्याला जेवलो न्हाई मी. पण पोरी, पाखरं तर पडली असती!" मग जरा गंभीर झाले. "माझी अक्कल येणाऱ्या पाखराची हाय. जाणाऱ्या पाखराची तुझी तू कर."

पुण्यात परतल्यावर मॅडमनी माझ्या पहिल्या बाराला मधला चोक दिला, कारण मला घाईने, जवळून मारायची सवय झाली होती, आणि दुसऱ्याला घट्ट. राज्य स्पर्धेला चाचा येणार हे त्यांनी स्वतःच ठरवलं. डॉक्टर नको म्हणाले, चाची नको म्हणाल्या, बाबांनी लांबचा प्रवास आहे असं सांगून पाहिलं. ते पांढरे कपडे घालून गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसले. रेंजच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, आजोबा कुणाबरोबर? म्हणाले, "मी शिकारी हाय. हे माझ्यासंगं हायेत."

पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी वारं सुटलं. बाकीच्या मुली फेरी खेळत असताना मी मागे उभी राहून बघत होते. बघणं हे मला जमतं. वारं आमच्या पाठीवरून येत होतं. बशा नेहमीसारख्या वर चढत नव्हत्या, दबून सपाट पळत होत्या आणि रोजच्यापेक्षा लवकर लांब जात होत्या. मॅडमचं मत होतं, पहिल्या बाराला मधला चोक राहू दे, त्यावरच तुझा हात बसलाय. मी चाचांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसून आभाळाकडे बघत होते. जवळ गेले.

"चाचा, दोन्ही घट्ट लावू का?"

"मला काहून इचारतीस?"

"तुम्ही वारं बघताय ना."

"मी होले हायेत का ते बघून राहिलो." आणि खरंच मान फिरवली.

मी शेडमध्ये जाऊन मधला चोक काढला आणि दोन्हीकडे घट्ट बसवला. मॅडमनी भुवई उंचावली, पण या वेळी मी मान हलवून गप्प राहिले नाही. "मॅडम, बशा दबतायत. मला लांबच मिळणार आहेत." त्या म्हणाल्या, "जा."

शेवटच्या फेरीची शेवटची जागा आली तेव्हा पात्रतेला एक बशी कमी होती. ती फोडायची की झालं. सुटली की सगळंच सुटलं. मी बशी सोडायची हाक दिली. बशी उजवीकडे पळाली, खाली, वाऱ्याबरोबर. पहिला बार... आणि धूळ. नारिंगी, बारीक, ओळखीची. वर्षभरापूर्वी मी तिथे थांबले असते, कारण तेव्हा धुळीनंतर काही करायला अंतरच उरत नसे. आता नळीत अजून एक घट्ट बार होता. बशी मला जिऱ्याएवढी दिसत होती. मी तिच्या पुढे गेले आणि चाप ओढला.

ती फुटली नाही, विरघळली. जागच्या जागी काळा ढग झाला आणि तुकडे गवतावर पाऊस पडल्यासारखे पडले.

रेंजवर शांतता पाळायची असते. तरी मागून एक आरोळी आली, "पाऽडलं! पोरीनं पाडलं!" पंचांनी वळून पाहिलं. "कोण आहेत हे काका? शांत राहा." चाचा उभे होते, टोपी हातात, खुर्ची आडवी झालेली. "राहतो साहेब, राहतो. पण तुमी बघितलं का ते?" पंच गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, ते त्यांना जमलं नाही. मी बंदूक मोडून, रिकामी करून, नियमाप्रमाणे रॅकवर ठेवली आणि मग धावले. चाचा मॅडमचा हात धरून सांगत होते, "मॅडम, हिला मीच बिघडवलं होतं बरं. होल्याचा चोक सांगितला! हिनं मला सरळ केलं." एवढ्या अभिमानाने स्वतःची चूक सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. परतीच्या वाटेवर प्रत्येक चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि ओळखदेख नसलेल्या माणसांना ते सगळं पुन्हा सांगितलं, धूळ कशी उडाली तेही, हातवारे करून. हिंगोली येईपर्यंत बशी जिऱ्यावरून खसखशीएवढी झाली होती.

राष्ट्रीय स्पर्धा आता पुढच्या महिन्यात आहे. ती बघायला ते नाहीत. याचं वाईट वाटतं, पण जे बघायचं होतं ते त्यांनी उभं राहून, खुर्ची पाडून बघितलं.

मागच्या आठवड्यात चाचींना भेटायला एकटीच एसटीने पुसेगावला गेले होते. चाची बोलल्या, रडल्या, जेवू घातलं. बंदूक मुलाने ठाण्यात जमा केली आहे, पुढचं कागदोपत्री व्हायचं आहे. निघून स्टँडवर आले तर गाडीला वेळ होता. तिथल्या हॉटेलात बाहेर एक लाकडी बाकडं आहे, त्यावर चार म्हातारी माणसं बसली होती. मी लांब उभी राहिले. त्यातले एक जण डोळे बारीक करून म्हणाले, "कोणाची गं तू? कृषीवाल्या साहेबाची का?"

मी हो म्हटलं.

"म्हंजी यासीनला चुकला म्हणणारी ती तूच!" सगळे सरसावून बसले. दुसरे म्हणाले, "डोकं खाल्लं की आमचं त्यानं. रोज हितं बसायचा अन् रोज तेच. 'पोरीनं मला चूक दाखवली, तुमच्या बापजाद्यांत कुणाला दाखवता आली का?' आमी म्हणलं, बाबा, चुकला तू, मिरवतो काय!" तिसऱ्यांनी बाकड्याच्या टोकाची जागा हाताने झाडली. "बस. त्याचीच जागा हाय ती. आमी कुणाला बसू देत न्हाई अजून, पण तू बस."

मी बसले. लाकूड तिथे झिजून गुळगुळीत झालं होतं. न मागता चहा आला, पाण्यापेक्षा दूध जास्त, चाचा घ्यायचे तसा.

"आता एक सांग," पहिले म्हणाले. "वारं पाठीमागून असलं तर घट्ट चोक, हे कळलं. अन् समोरून असलं तर? आमी त्याला इचारलं, तर म्हणला, ते मला येत न्हाई, पोरीला इचारा."

गाडी आली. वाहकाने घंटी दिली, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून त्याला जायला सांगितलं आणि त्या चौघांकडे वळले. "समोरून वारं असलं की बशी वर उचलली जाते," मी म्हटलं. "मग पहिल्या बाराला मी काय करते ते सांगते..." पुढची गाडी येईपर्यंत मी सांगत होते.